डागणीचा शनिवार

वासरू धरायला दोन माणसं लागतात. एक जण मानेवर गुडघा टेकवून पुढचा पाय दुमडून धरतो. दुसरा मागे जमिनीवर बसतो, वासराचा वरचा पाय दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढतो आणि खालचा पाय बुटाने पुढे रेटून ठेवतो. वाडग्यातून वासरं ओढत आणणारे चार-पाच घोडेस्वार वेगळे. लस टोचणारे दोघं-तिघं, चाकूवाला एक, डाग देणारे दोघं. वासरं चारशे असली तर वीस-पंचवीस माणसांशिवाय काम दुपारपर्यंत उरकत नाही. आणि नेब्रास्काच्या चेरी काउंटीत कुठल्याच रँचवर वीस माणसं राहत नाहीत. बहुतेक ठिकाणी एकच कुटुंब असतं, फार तर जोडीला एखादा गडी.

काउंटीचं क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. कनेटिकट हे अख्खं राज्य तिच्यात मावेल आणि वर जागा उरेल. कनेटिकटमध्ये 36 लाख लोक राहतात. इथे 2020च्या जनगणनेत 5,455 जण मोजले गेले. त्यांतले जवळपास निम्मे व्हॅलेंटाइन या एकाच गावात. बाकीचे हायवे 20वरच्या किलगोर, कोडी, मेरिमन अशा छोट्या वस्त्यांत आणि दक्षिणेकडे दूरवर पसरलेल्या रँचवर. गोमांसासाठी पाळलेल्या गाई मात्र दीड लाखाच्या वर. या बाबतीत चेरी देशातल्या साऱ्या काउंट्यांत आघाडीवर असते.

लिंकनहून व्हॅलेंटाइन गाडीने साधारण पाच तासांवर. मे महिन्यातल्या एका डागणीला मला येऊ दिलं आणि नवख्याचं काम दिलं: लस टोचून झालेल्या वासराच्या पाठीवर जाड खडूने रेघ ओढायची. माझ्यासोबत हेच काम नऊ-दहा वर्षांची दोन मुलं करत होती, माझ्यापेक्षा चपळाईने. पण काम सुरू होण्याआधी, पहाटे, गाई-वासरं हाकून आणायला स्वार निघाले तेव्हा मी कुंपणाशी उभा राहून ती जमीन नीट पाहिली. ती पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

या टेकड्या वाळूच्या आहेत. सँडहिल्स म्हणतात त्यांना. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या, काही ठिकाणी शंभर मीटरच्याही वर चढलेल्या. ही वाळू वाऱ्याने आणून टाकली आणि मग गवताने धरून ठेवली. मुळांची जाळी हाच तिचा आधार. कुठे गुरांनी एकच वाट तुडवली, कुठे कुंपणाच्या कोपऱ्यात गवत खुरटलं, की वारा तिथून वाळू उकरायला लागतो आणि टेकडीच्या कुशीत खड्डा पडतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. असा खड्डा बुजवायला रँचवाले जुने टायर टाकतात, गवताचे गठ्ठे पसरतात. रँचचे मालक सत्तरीकडे झुकलेले, शांत बोलणारे. पूर्वेकडच्या उतारावरचा एक फिकट डाग दाखवून ते म्हणाले, “हा माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. आता कुठे भरत आलाय.”

पाऊस इथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. तो वाहून जात नाही, वाळूत मुरतो आणि खालच्या ओगलाला जलसाठ्याला मिळतो. म्हणून टेकड्यांवर कोरडं रान आणि त्यांच्या मधल्या सखल भागात तळी, पाणथळ कुरणं असं चित्र दिसतं. पवनचक्क्या त्याच पाण्यावर गुरांची टाकी भरतात. अलीकडे काही ठिकाणी सौर पंप आले आहेत. पाणी पायाखाली असूनही बहुतेक जमीन नांगराला चालत नाही, कारण नांगरली की ती उडते.

हे अनुभवाने कळायला एक पिढी गेली. 1904च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात माणशी 640 एकर जमीन मिळू लागली. आधीच्या कायद्यात ती 160 एकर होती. लोक आले, मातीची घरं बांधली, मका पेरला. 1920 साली या काउंटीची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर होती, म्हणजे आजच्या दुप्पट. मग 640 एकर वाळूवर कुटुंब जगत नाही हे लक्षात आलं. एकेकाने शेजारच्या रँचला जमीन विकली आणि वाट धरली. तेव्हापासून इथली लोकसंख्या घटतच आली आहे. ही घट मला केवळ दुर्दैवाची वाटत नाही. गवत टिकलं ते जमीन नांगराखालून सुटली म्हणून. पण माणसं कमी झाली आणि काम तेवढंच राहिलं, हेही तितकंच खरं.

साडेसहापर्यंत आवारात पिकअप ट्रक आणि घोड्यांचे ट्रेलर लागले. कोणी साठ किलोमीटरवरून, कोणी ऐंशीवरून आलेलं. एक मुलगी एकटीच गाडी चालवत आली. चौदा वर्षं दोन महिने पूर्ण झाली की ग्रामीण भागात शाळेपुरता परवाना मिळतो आणि इथली मुलं गाडीवर लवकर बसतात. कोणालाही मजुरी नाही. आज ते यांच्याकडे आले, पुढे हे त्यांच्याकडे जाणार. सगळा मामला सावडीचा.

गाई वेगळ्या काढल्या आणि हंबरडा सुरू झाला. तो शेवटचं वासरू सुटेपर्यंत थांबला नाही; दोन पावलांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. घोडेस्वार सावकाश चालीने वाडग्यात शिरतात, वासराच्या मागच्या पायांपुढे फास उभा करतात, वासरू त्यात पाय घालतं. घाई केली तर कळप उधळतो. फास टाकायला कोणी जायचं हे यजमान ठरवतात. तो मान असतो. वयाने मोठ्यांना, दुरून आलेल्यांना मिळतो. तरुण पोरं खाली मातीत वासरं धरतात आणि आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहतात. त्या दिवशी एका विशीतल्या मुलीला पहिल्यांदा पुकारलं. ती काही न बोलता हातमोजे झटकून घोड्याकडे गेली, आणि तिची आई लशीची पिचकारी हातात धरून क्षणभर तशीच पाहत राहिली.

वासरू खाली आलं की मिनिटभरात सगळं होतं: दोन लशी, गोऱ्हा असेल तर खच्ची करणं, आणि गॅसच्या भट्टीतून काढलेलं तापलं लोखंड डाव्या पुठ्ठ्यावर. केस जळल्याचा पिवळसर धूर डोळ्यांत जातो. वासराला दुखतं; ते ओरडतं, अंग ताठ करतं. मला ते पाहणं सोपं गेलं नाही. पण डाग म्हणजे इथे मालकीचा कायदेशीर पुरावा. चिन्हाबरोबर ते शरीरावर कुठे उमटवायचं तेही राज्याकडे नोंदलेलं असतं, आणि या भागात गुरं विकताना निरीक्षक तोच पाहतो. एवढ्या मोकळ्या रानात कुंपण कधी ना कधी पडतंच.

आता काही जणांनी काफ टेबल घेतलं आहे. त्या लोखंडी सापळ्यात वासरू अडकवून आडवं करता येतं. चार माणसांत काम होतं. जेवताना मी मालकांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी पाव बाजूला ठेवला. “शेजारची दोन घरं बंद झाली. आणखी दोन झाली तर मलाही घ्यावं लागेल. पण मग मे महिन्यात मी कोणाकडे जाणार? आणि जानेवारीच्या बर्फात गाई अडकल्या तर फोन कोणाला करणार?”

टेबलापलीकडे पुढच्या शनिवारची वाटणी चालली होती. मेरिमनच्या दक्षिणेला एका रँचवर तीनशे वासरं होती आणि धरणारी माणसं कमी पडत होती. दोघा भावांनी येतो म्हटलं, सकाळच्या फास टाकणाऱ्या मुलीनेही. किती वाजता, असं कोणीतरी विचारलं. काउंटीच्या मधून वेळेची सीमारेषा जाते, पश्चिमेकडची घड्याळं एक तास मागे असतात. “सहा,” यजमानीणबाई कॅलेंडरवर लिहीत म्हणाल्या, “त्यांचे सहा. घोडे आदल्या रात्रीच ट्रेलरपाशी आणून ठेवा.”