विजेच्या सुरांतील नामसंकीर्तन

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री पाळणा हलू लागला, की घरोघरी टाळ-मृदंगाचा गजर होतो आणि त्याला पेटीची साथ असते. नवविधा भक्तीत श्रवणानंतर लगेच कीर्तनाचे स्थान. परंतु ते कोणत्या वाद्यावर करावे, याविषयी त्या नऊ नामांत एक अक्षरही नाही. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या सुरावर गोविंदनाम घेतले, तर ते भगवंताच्या चरणी रुजू होते काय? हा प्रश्न अनेक भाविकांच्या मनात येतो, आणि उत्सवाच्या मंडपांतून कानठळ्या बसविणारी यंत्रांची भजने ऐकली म्हणजे त्याचे उत्तर नकारार्थी द्यावेसे वाटते. तथापि निकाल देण्यापूर्वी कॅलिफोर्नियातील एका संन्यासिनीने गायिलेली भजने ऐकावयास हवीत.

ॲलिस कोल्ट्रेन हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात १९३७ साली एका कृष्णवर्णीय ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणी त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. पुढे जॅझ संगीतातील अलौकिक सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतीय संगीताविषयी जॉन यांना एवढा आदर होता, की एका मुलाचे नाव त्यांनी पंडित रविशंकर यांच्यावरून ‘रवी’ ठेवले. १९६७ च्या जुलैत, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, जॉन निवर्तले आणि ॲलिसबाईंवर चार मुलांचा भार पडला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी विलक्षण मनोव्यथेत काढली. निद्रा उडाली, देह कृश झाला. या काळाला त्या स्वतः तपश्चर्येचा काळ मानीत. त्यांना या अवस्थेतून हात देणारे गुरू भेटले ते स्वामी सच्चिदानंद, ऋषीकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य. १९७० च्या अखेरीस त्यांच्यासमवेत ॲलिसबाई भारतात येऊन गेल्या. १९७१ साली निघालेल्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या ध्वनिमुद्रिकेत तंबोऱ्याच्या अखंड नादावर त्यांचे हार्प हे तंतुवाद्य झंकारते. १९७५ साली त्यांनी कॅलिफोर्नियात वेदान्त केंद्र स्थापिले, पुढे भगवी वस्त्रे धारण केली आणि ‘तुरीयसंगीतानंद’ हे नाव घेतले. १९७८ नंतर तर त्यांनी बाजारासाठी ध्वनिमुद्रिका काढणेच थांबविले, ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ. कीर्ती आणि अर्थप्राप्ती हाताशी असताना हे सोडणे किती कठीण, ते कलावंतच जाणोत.

गाणे मात्र सुटले नव्हते. ते फक्त देवघरात आले होते. १९८२ साली ‘तुरीया सिंग्ज’ ही कॅसेट निघाली, ती आश्रमाच्या साधकांसाठी. जन्मभर वाद्यांतूनच बोललेल्या या बाईंचा कंठ ध्वनिमुद्रणात ऐकू आला तो येथे प्रथम. ‘जगदीश्वर’, ‘गोविंद हरी’, ‘यमुना तीर विहारी’ ही त्यातील भजनांची नावेच आपल्याला घरची वाटावीत. स्वर खर्जातला, लय अतिविलंबित. ऑर्गन विजेवरचा, आणि त्याभोवती व्हायोलिनादी तंतुवाद्ये व सिंथेसायझर यांचा दाट पडदा. त्याच वर्षी त्यांचा थोरला पुत्र जॉन मोटार-अपघातात मृत्यू पावला. भजने थांबली नाहीत. त्यानंतर १९९५ पर्यंत आणखी तीन कॅसेटी निघाल्या.

येथे ‘परकीय यंत्र’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या पेटीची जन्मकथा आठवावी. हार्मोनियमचे स्वामित्व १८४२ साली पॅरिसमध्ये नोंदले गेले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता हलविण्याची सोय करून ती भारतीय बैठकीस योग्य केली. आपल्या नाट्यसंगीताने तिला डोक्यावर घेतले, गोविंदराव टेंब्यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही १९४० पासून सुमारे तीस वर्षे नभोवाणीवर तिला बंदी होती. आक्षेप असा, की तिच्या पट्ट्या स्थिर. दोन स्वरांमधील श्रुती आणि मींड तिला काढता येत नाही. आक्षेप शास्त्रशुद्ध होता. पण भजनी मंडळांनी तो मनावर घेतला नाही, हे आपले भाग्यच म्हणावयाचे.

आता गंमत अशी, की पेटीला जे साधत नाही ते सिंथेसायझरला साधते. यात हवा नसते, तार नसते. विजेच्या आंदोलनातून सूर उपजतो आणि एका बाजूची कळ सरकविली, की तो न तुटता वरच्या वा खालच्या स्वराकडे ओघळत जातो. तुरीयसंगीतानंदांनी या सोयीचा मुक्त उपयोग केला. पुढील कॅसेटींत नामघोष चालू असता असा एखादा सूर खालून उठतो, गवयाच्या मींडेप्रमाणे चढत जातो आणि समुदायाचा आवाज जणू उचलून धरतो. हे करताना त्या आपले चर्चही विसरल्या नव्हत्या. १९८३ साली आगोरा हिल्स येथे आश्रम उभा राहिला. तेथील रविवारच्या सत्संगात बहुतेक कृष्णवर्णीय साधक टाळ्या पिटीत, खंजिरीच्या ठेक्यावर ‘हरि नारायण’ गात. चाल मात्र कित्येकदा त्यांच्या आजी-पणज्यांच्या प्रार्थनागीतांच्या वळणाची. एकाने म्हणावे व सर्वांनी झेलावे ही रीत त्यांच्याकडे होतीच. आपल्या फडांवरील वारकऱ्याला तेथे परके वाटले नसते, असे आम्हांस वाटते. उच्चार थोडे वेगळे, एवढेच.

१२ जानेवारी २००७ रोजी तुरीयसंगीतानंदांचे देहावसान झाले. त्यानंतर एक नाजूक प्रश्न उद्भवला. त्यांचे पुत्र रवी, जे स्वतः नामांकित सॅक्सोफोनवादक आहेत, यांना ‘तुरीया सिंग्ज’चे असे मुद्रण मिळाले होते, ज्यात केवळ मातेचा आवाज आणि ऑर्गन होता, तंतुवाद्ये नाहीत, सिंथेसायझर नाही. त्यांना हेच रूप अधिक शुद्ध वाटले व २०२१ साली ते ‘कीर्तन’ या नावाने प्रसिद्ध झाले. या रूपात नामाचे प्रत्येक अक्षर स्पष्ट उमटते, श्वासही ऐकू येतो. ज्यांना यंत्राचा तिटकारा आहे त्यांनी येथूनच प्रारंभ करावा.

परंतु प्रस्तुत लेखकाचे मत भिन्न आहे. त्या सुरांचा पडदा कोणा व्यापाऱ्याने चढविलेला मुलामा नव्हता. विक्रीची चिंता नसलेल्या, जगाकडे पाठ फिरविलेल्या एका संन्यासिनीने तो स्वतः निवडला होता. मंडपातील यंत्र आणि हे यंत्र यांतला भेद ऐकताक्षणी कळतो. तेथे ठेका नामाला ढकलीत नेतो. येथे सूर तंबोऱ्यासारखा मागे उभा राहतो आणि नामाला अवकाश देतो. देवाच्या मूर्तीवरील पुष्पभार काढून घेतला तर मूर्ती अधिक स्पष्ट दिसेल हे खरे, पण तो भार पूजा करणाऱ्यानेच वाहिलेला असतो.

आगोरा हिल्स येथील त्या आश्रमाच्या वास्तू नोव्हेंबर २०१८ मधील प्रचंड वणव्यात भस्मसात झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी आश्रमाच्या कॅसेटींतील निवडक भजने प्रथमच एकत्रित ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने जगापुढे आली होती, आणि त्यांत सिंथेसायझर जसाच्या तसा ठेवलेला आहे.