गाठीची परीक्षा झाली का?

होटगीसारख्या गावातील स्त्रीला स्तनात गाठ आढळली, की घरच्या मंडळींची सोलापूर, बार्शी, प्रसंगी मुंबईपर्यंत धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया पार पडते, गाठ निघते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु त्या गाठीची संप्रेरक-परीक्षा झाली की नाही, हे विचारण्याचे भान सहसा राहत नाही. वस्तुतः पुढील पाच वर्षांचे औषध त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

स्तनातील कित्येक गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. बीजांडकोश काढल्यास असा रोग ओसरू शकतो, हे ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये दाखविले. पुढे लंडनच्या अलेक्झांडर हॅडो यांनी प्रयोगशाळेत घडविलेली इस्ट्रोजेनसदृश संयुगे रुग्णांना देऊन पाहिली. जे पोषक, तेच मोठ्या मात्रेत उतारवयातील काही स्त्रियांच्या गाठी आटविते, असा विलक्षण अनुभव त्यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केला. 1962 साली ब्रिटनमध्ये संततिप्रतिबंधाच्या शोधात निर्माण झालेले टॅमॉक्सिफेन त्या कामी निरुपयोगी ठरले. परंतु मँचेस्टरच्या मेरी कोल यांनी ते स्तनकर्करोगाच्या 46 रुग्णांना दिले, तेव्हा 10 जणींना चांगला गुण आल्याचे 1971 मध्ये जाहीर झाले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले आणि 1991 पासून ‘सहेली’ या नावाने मिळणारे सेंटक्रोमन याच जातकुळीचे. स्तनकर्करोगावर त्याचीही चाचणी झाली आहे.

मग सर्वांनाच गुण का येत नाही? इस्ट्रोजेन ज्याला जाऊन चिकटते ते ग्राही प्रथिन गाठीत असेल, तरच हे औषध तिची रसद तोडू शकते. अशा स्त्रियांनी टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राही नसल्यास त्याचा लाभ नाही. तेव्हा परीक्षा टळली, तर एकीला हक्काचे औषध मिळत नाही आणि दुसरी पाच वर्षे निष्फळ गोळ्या गिळते. काढलेला तुकडा वेळेवर, शक्यतो तासाभरात, फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, तर परीक्षेचे उत्तरही फसवे येऊ शकते.

खेड्यात अशी शिस्त जमणार नाही, हा आक्षेप याच जिल्ह्याने खोटा पाडला आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगावच्या कर्करुग्णांची नोंद बार्शीच्या केंद्राने 1987 पासून चिकाटीने ठेवली. मग प्रत्येक गाठीचा तुकडा नीट जपून प्रयोगशाळेत धाडणे आणि पाच वर्षांच्या गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात देणे अशक्य का मानावे? खर्चाची सबब पुढे येईल. परंतु गोळी स्वस्त आहे, आणि परीक्षेचा खर्च शासनाने उचलणे हेच न्याय्य ठरेल.

ग्राहीचा अहवाल जोडल्यावाचून रुग्णाचे कागद पूर्ण झाले, असे कोणत्याही रुग्णालयाने समजू नये. तोवर घरातील शिकल्यासवरल्या माणसाने तो अहवाल मागून घ्यावा आणि तो मिळाल्याखेरीज परतीची गाडी धरू नये.