झालो असतो तर

शाळेत असताना मराठीच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ आपण सर्वांनी पाठ केलेले असतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिल्या तिघांशी आपला रोजचा व्यवहार असतो. चौथ्याची ओळख ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ अशा एखाद्या ठराविक उदाहरणापुरती होते आणि परीक्षेबरोबर संपते. परंतु माणूस पन्नाशीच्या पुढे सरकला, की हा विसरलेला संकेतार्थ न बोलावता परत येतो. ‘त्या वेळी मुंबईला गेलो असतो तर’, ‘वडिलांनी गाणे शिकू दिले असते तर’, ‘ही नोकरी धरली नसती तर’ – निवृत्त मंडळींच्या बैठकीत, सकाळच्या फेरफटक्यात, लग्नघरच्या पंगतीत ही वाक्ये हटकून कानी पडतात. या वाक्यांची गंमत अशी, की त्यांतील दोन्ही भाग घडलेले नसतात. पाऊसही पडलेला नसतो आणि पीकही आलेले नसते. तरीही त्या न आलेल्या पिकाची माणूस मनातल्या मनात मळणी करतो, रास मोजतो, आणि मग आपल्या कणगीतले खरे धान्य त्याला उणे वाटू लागते.

श्रोतेहो, आज या न आलेल्या पिकाचा हिशेब थोडा नीट मांडून पाहावा, असे मी योजिले आहे. हा हिशेब आपण सगळेच करतो. पण तो करताना काही रकमा लिहावयाच्या राहून जातात, आणि त्याची झळ पुष्कळदा आपल्याला न लागता दुसऱ्याच कोणाला लागते.

पहिली राहून जाणारी रक्कम अगदी उघड आहे. जो व्यवसाय आपण केला, त्याचे सगळे दिवस आपल्याला ठाऊक असतात : साहेबाची बोलणी, वर्षअखेरची जागरणे, तीच ती टिपणे, तोच तो रस्ता. जो केला नाही, त्याचे मात्र सणाचेच दिवस आपण पाहिलेले असतात. गवई व्हावयाचे राहून गेले म्हणून हळहळणाऱ्या हिशेबनिसाच्या डोळ्यांपुढे रंगलेली मैफल असते. त्या मैफलीच्या मागे पहाटेचा अनेक वर्षांचा रियाज असतो, बसलेला गळा असतो, न मिळालेली बिदागी असते, आणि पुढच्या गावी चार डोकी तरी जमतील की नाही ही विवंचना असते. हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. एका पारड्यात सबंध वर्ष आणि दुसऱ्यात केवळ दिवाळी घातली, तर तराजू कोणीकडे झुकणार हे सांगावयास नको.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. आपण असे समजतो, की एका ठिकाणी दोन रस्ते फुटले, आपण एकाने गेलो, आणि दुसरा कायमचा तुटला. किंवा वाट बदलली, तर आधीची चाल फुकट गेली. थोर माणसांची चरित्रे काळजीपूर्वक वाचली, तर तसे दिसत नाही.

विष्णु नारायण भातखंडे यांचेच उदाहरण घ्या. 1860 साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ 1885 साली बी. ए. आणि 1887 साली एल्एल. बी. झाले. काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. सतारीचे शिक्षण झालेले होते, गायन उत्तेजक मंडळीत गुणीजनांचे गाणे ऐकण्याचा आणि शिकण्याचा क्रम चालू होता. पण पोट मात्र कायद्याच्या पुस्तकांवर होते. 1900 साली पत्नी आणि 1903 साली मुलगी निवर्तली. 1904 साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मग उत्तरेकडील गावे झाली. आणि 1910 च्या सुमारास वकिली सुटली ती सुटलीच. त्या वेळी त्यांच्या ओळखीच्या एखाद्या व्यवहारी माणसाने, ‘इतकी वर्षे कायदा शिकून अखेर हे!’ असे मनात तरी म्हटले असेल.

पण त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ उघडून पाहावी. मराठीत लिहिलेला हा चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने रचलेला आहे. शिष्य शंका काढतो, आधार मागतो. गुरू जुन्या संस्कृत ग्रंथांतील वचन पुढे ठेवतो, प्रचारात राग कसा गाइला जातो ते सांगतो, दोहोंचा मेळ बसत नसेल तर तसे स्पष्ट म्हणतो, आणि मग निर्णय देतो. ही साक्षीपुराव्याची रीत आहे. ग्रंथातील नियम आणि चालत आलेली रूढी यांत विरोध आला तर प्रमाण कोणते मानावे, हा वकिलाच्या रोजच्या ओळखीचा प्रश्न भातखंड्यांनी संगीताला विचारला. दहा थाटांखाली रागांची मांडणी करणारा आणि सुमारे अठराशे चिजा सहा क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह ग्रथित करणारा हात दफ्तर नीट लावण्याची सवय झालेल्या माणसाचा आहे. 1916 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि 1918 साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. या दोन्ही कामांत भातखंडे पुढे होते. वकिली सुटली खरी, पण वकील कोठे गेला नव्हता.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथून बडोद्याच्या कलाभवनात येऊन छायालेखन आणि छपाईची तंत्रे शिकले. गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान काढले. तेथे प्लेगात पत्नी आणि मूल गेले, दुकान मोडले. ‘प्रोफेसर केळफा’ असे स्वतःचे आडनाव उलटे करून जादूचे प्रयोग केले. 1903 पासून पुराणवस्तू खात्यात आरेखकाची नोकरी केली, तीही सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, जर्मनीस जाऊन यंत्रे आणली, आणि भागीदारांशी न पटून तोही सोडला. चाळिशीला आलेल्या या गृहस्थाचा हिशेब कोणी त्या दिवशी मांडला असता, तर ‘एक ना धड’ असाच शेरा पडला असता. 1911 साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांनी पाहिला, पुढच्या वर्षी ते लंडनला जाऊन आले, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या एका कामात चित्रकला लागली, छायालेखन लागले, रसायनांची माहिती लागली, यंत्र खोलून जोडण्याची हातोटी लागली. पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांतील चमत्कारांना तर जादूगाराची नजरच हवी होती.

येथपर्यंत ऐकून एखादा श्रोता म्हणेल, की मग आम्हीही धाडस करावयास हवे होते. त्यासाठीच हिशेबातली तिसरी रक्कम सांगतो, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका माणसाने निवडलेल्या वाटेचे भाडे पुष्कळदा दुसऱ्याने भरलेले असते. फाळक्यांनी लंडनच्या प्रवासासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. आणि चित्रपटासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गेले. एवढेच नव्हे, कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम रात्री बसून त्यांनीच केले, आणि कामावरच्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. इतके करून दादासाहेबांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. 1944 साली नाशिकास ते वारले.

गोव्याच्या धर्मानंद कोसंब्यांचे चरित्र या बाबतीत अधिक विचार करावयास लावते. साखवाळ गावी 1876 साली जन्मलेल्या या तरुणाचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख हेच त्याच्या वाट्याचे काम होते. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्याच्या मनाने घेतले, की बुद्धाचा धर्म मुळातून जाणल्यावाचून राहावयाचे नाही. 1899 च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया आणि सिंहलद्वीप अशी ती वाट गेली. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत झाले, सिंहलद्वीपात पाली झाली. पुढे कलकत्त्यात दरमहा अडीचशे रुपयांची अध्यापकी मिळाली असताना ती सोडून बडोद्याच्या महाराजांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये धर्मानंदांनी घेतले. महाराजांची अट होती महाराष्ट्रात राहून वर्षाला एक पुस्तक लिहिण्याची. आणि धर्मानंदांना आपले ज्ञान आपल्या भाषेच्या लोकांत न्यावयाचे होते. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले. आपण हे वाचून धन्य म्हणतो, आणि म्हणावेच. पण 1899 साली ते निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या होत्या. ज्ञानाच्या त्या वाटेचे एक टोक सिंहलद्वीपात होते, तर दुसरे गोव्यातल्या त्या घराच्या उंबरठ्यावर. तेथे एक तरुण स्त्री मूल मांडीवर घेऊन कित्येक वर्षे दिवस काढीत होती. तिच्यापुढे कोणते दोन रस्ते होते?

येथे आपल्या घरांकडे वळून पाहावे असे मला वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळ जण कोकण-देशावरची गावे सोडून फौजेबरोबर, दफ्तराबरोबर किंवा शाळेतल्या नोकरीच्या शोधात येऊन राहिले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कारकुनी, मास्तरकी, भिक्षुकी किंवा दुकान यांपलीकडे काही दिसले असेल असे नाही. ज्यांच्या जातीला शाळेचा उंबरठाच बंद होता, त्यांना तेवढेही दिसले नाही. आणि आपल्या आज्या-पणज्यांना तर ‘मी अमुक झाले असते’ हे वाक्य जुळवण्याचीही सोय नव्हती. संकेतार्थी वाक्य बोलण्यासाठीसुद्धा एखादे दार किलकिले झालेले पाहावे लागते. तेव्हा राहून गेलेल्या वाटेची हळहळ ज्याला वाटते, त्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की दोन वाटा दिसणे हेच त्याच्या आधीच्या पुष्कळ लोकांच्या नशिबी नव्हते.

आता शेवटची रक्कम. ती सांगताना मला स्वतःविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. मला डॉक्टर व्हावयाचे होते. वडिलांच्या पगारात सहा माणसांचे घर चालत असे. बाहेरगावी ठेवून शिकवणे शक्य नव्हते. मी शिक्षक झालो. नोकरी बरी झाली, विद्यार्थ्यांनी प्रेम दिले. पण ‘झालो असतो तर’ हे शब्द मी चाळीस वर्षे पोशिले, आणि मुलगा बारावीला आला तेव्हा ते त्याच्या पाठीवर ठेवले. त्याचा जीव यंत्रांत होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंखे आणि रेडिओ तो शाळकरी वयापासून दुरुस्त करून देई. मी ते हातचाळे समजलो. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेत तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या वर्षीचे अर्ज मी आणले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बाबा, डॉक्टर तुम्हाला व्हायचं होतं ना?” मी उत्तर देऊ शकलो नाही. त्याच्या आईने ते अर्ज उचलून कपाटात ठेवले. आज तो शेतीच्या पंपांची आणि मोटारींची दुरुस्ती करतो, दोन माणसांना रोजगार देतो, आणि संध्याकाळी हात काळे घेऊन समाधानाने घरी येतो. त्याची गेलेली दोन वर्षे मात्र माझ्या खात्यावर आहेत.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. ‘झालो असतो तर’ हे शब्द ओठांवर आले, की ते तेथेच दाबू नयेत. पण स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा. मला त्या व्यवसायाचा मान हवा होता, की ते काम हवे होते? आठवड्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, कोणी पाहत नसताना, ते काम करावयास मला आवडले असते काय? उत्तर नाही असे आले, तर हळहळ आपोआप अर्धी होते. उत्तर होय असे आले, तर त्यातले थोडेबहुत काम अजूनही हाती घेता येते. भातखंडे प्रवासास निघाले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, आणि फाळक्यांचा पहिला चित्रपट लागला तोही त्यांच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर तीन दिवसांनी. साठीनंतर मैफल गाजवता येणार नाही, पण पेटी घेऊन बसण्यास कोणाची हरकत नाही. डॉक्टर होता येणार नाही, पण रुग्णालयात कोणा एकट्या रुग्णापाशी बसता येते. मी आठवड्यातून दोन दिवस तसा बसतो.

आणि ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एकदा आपल्या मनात डोकावून पाहावे. त्या अर्जावर जे नाव लिहावयाचे आहे, ते नक्की कोणाचे आहे याची खात्री करून घ्यावी, आणि मग लेखणी मुलाच्या हाती द्यावी.