पेंड वाचवा, पण हिशेबाने : ब्रॉयलरचे खाद्य आणि एन्झाइम



ब्रॉयलरच्या धंद्यात शंभर रुपये खर्चातले साठ-सत्तर रुपये खाद्यावरच जातात. त्यातही सोयाबीन पेंड महागाची. २०२१ साली पेंड एवढी कडाडली, की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी द्यावी लागली. मग मनात येते, पेंड थोडी कमी करून एन्झाइम घातले तर? चालेल. मात्र त्याचे काम नीट समजून घ्या.

एन्झाइम काय करते?

एन्झाइम खाद्यात प्रथिनांची भर घालत नाही. आहे तेच अधिक पचवून देते. आपले मावळ भाताचे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी भात दिला, तो आज घरोघरी आहे. गिरणीवर कोंडाही मिळतो. पण कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, आणि हेच फायटेट प्रथिनांनाही धरून ठेवते. फायटेज ही गाठ सोडवते. झायलनेज कोंड्यातला चिवट तंतू तोडते. प्रोटिएज पेंडीतले न पचणारे प्रथिन फोडते.

किती कमी करावे?

पहिले तीन आठवडे पिल्लांच्या खाद्याला हात लावू नका. भारतीय मानकानुसार स्टार्टर खाद्यात २२ टक्के आणि फिनिशरमध्ये २० टक्के प्रथिने हवीत. फिनिशरमध्ये २० वरून १९ वर या, त्याखाली नको. त्यासाठी १०० किलो खाद्यात सुमारे पावणेतीन किलो पेंड काढून तेवढाच मका घालावा लागतो. हजार पक्ष्यांनी प्रत्येकी दोन किलो फिनिशर खाल्ले, तर सुमारे ५५ किलो पेंड वाचली, म्हणजे एक पोते. त्यातून एन्झाइमचा आणि अमिनो आम्लांचा खर्च वजा करा. उरेल तो नफा.

लायसिन, मिथिओनिन व थ्रिओनिन मात्र कमी पडू देऊ नका. ती कमी पडली, तर पक्षी खातो भरपूर, चरबी धरतो, पण छाती भरत नाही. म्हणून खाद्याचे सूत्र पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

पावसाळ्यातला फायदा

जादा प्रथिन अंगी लागत नाही, विष्ठेतून बाहेर पडते. त्याचाच गादीत अमोनिया होतो. तुंगार्ली-लोणावळ्याच्या पावसात तूस आधीच दमट. मग शेडमध्ये डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे तळपाय सोलतात. प्रथिन एक टक्क्याने उतरले, की विष्ठेतले नत्र साधारण दहा टक्क्यांनी घटते. तरी गादी हलवणे आणि वारा खेळता ठेवणे चुकत नाही.

मिसळावे कसे?

मात्रा पाकिटावर लिहिलेली असते. टनाला ५०० ग्रॅम असेल, तर १०० किलोला ५० ग्रॅम. ते आधी एक किलो भरडलेल्या मक्यात, मग दहा किलोत, शेवटी सगळ्या खाद्यात कालवा. एकदम टाकले तर एका पक्ष्याला जास्त, दुसऱ्याला काहीच नाही. पाकीट कोरड्या, थंड जागी ठेवा. खवट कोंडा किंवा बुरशी लागलेला मका एन्झाइमने सुधारत नाही, तो वापरूच नका.

आधी पन्नास पक्ष्यांवर

पन्नास पक्षी वेगळे करा, दुसरे पन्नास नेहमीच्या खाद्यावर ठेवा. दर आठवड्याला वजन घ्या. खाल्लेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागा. नव्या खाद्याचा आकडा नेहमीच्या आकड्याहून वाढला, तर वाचलेली पेंड महागात पडली असे समजा.

आणि कंपनीशी करार करून पक्षी पाळत असाल, तर खाद्य कंपनीचे असते. त्यात आपल्या मनाने काही मिसळू नका, आधी त्यांच्या पर्यवेक्षकाला विचारा.

ध्यानात ठेवा : एन्झाइम पेंडीची जागा घेत नाही, पेंडीचे चीज करते.