खारवट जमिनीतील घोळ : पाणी काय नेते, तेल काय देते?



खाडीचा बांध फुटून खारे पाणी खाजनात शिरले की काय होते, हे गोव्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बेळगाव भागात मलप्रभा-घटप्रभेच्या कालव्यांखाली पाण्याचा निचरा न झालेल्या काळ्या जमिनीवरही पांढरे मीठ फुलते. अशा ठिकाणी बहुतेक पालेभाज्या खुरटतात, पण घोळ बरीच तग धरते. खाडीकाठी तर धापा आणि मोरस या वनस्पती भर खाऱ्या चिखलात वाढतात. ईयोबाच्या ग्रंथातील ३० व्या अध्यायात भुकेली माणसे रानातील पाला खुडून खातात. तेथील मूळ हिब्रू शब्द मिठावरूनच आलेला आहे. म्हणजे खारा पाला हे गरिबाचे फार जुने अन्न आहे.

घोळीत गुण कोणते?

१९८६ साली सिमोपौलोस व सेलम या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात घोळीतील ओमेगा-३ या मेदाम्लांकडे लक्ष वेधले. पुढील मोजणीत १०० ग्रॅम ताज्या पानांत अशा मेदाम्लाचे प्रमाण ३०० ते ४०० मिलिग्रॅम आढळले. पालेभाजीच्या मानाने हे पुष्कळच झाले. शिवाय घोळीत कॅरोटीन असते. त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. क जीवनसत्त्व आणि देठांतील लाल रंगद्रव्यही तिच्यात आहे.

परंतु याच पानांत ऑक्झलेट भरपूर असते. मूतखड्याचे बरेचसे खडे कॅल्शियम व ऑक्झलेट यांचेच बनतात. तेव्हा गुण घ्यावा व दोष काढावा कसा, हा खरा प्रश्न आहे.

अर्क काढणे म्हणजे काय?

वनस्पतीतील हवा तो पदार्थ ज्या द्रवात विरघळतो, त्या द्रवात तो उतरवून घेणे म्हणजे अर्क काढणे. या द्रवाला द्रावक म्हणतात. कारखान्यांत यासाठी हेक्झेन, मिथेनॉल अशी द्रावके वापरतात. ती विषारी व ज्वालाग्राही आहेत. म्हणून आता प्रयोगशाळा साधे पाणी, पिण्यायोग्य प्रतीचा अल्कोहोल, ध्वनिलहरींचे हादरे किंवा दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायू यांकडे वळल्या आहेत. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७३ वातावरणांपेक्षा अधिक दाबाखाली तेलकट पदार्थ विरघळवतो. दाब काढला की तो उडून जातो व मागे विष राहत नाही. कॉफीतील कॅफीन काढण्याची एक रीत हीच आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तर सॅलिकोर्निया या खाऱ्या वनस्पतीपासून खाण्याचे मीठ तयार केले आहे.

आपल्या चुलीवर हेच तत्त्व तीन पायऱ्यांनी साधते.

१. पाणी : घोळ धुऊन, चिरून भरपूर उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवावी व पाणी ओतून टाकावे. ऑक्झलेटचा विरघळणारा भाग व जादा मीठ पाण्याबरोबर जाते. क जीवनसत्त्वही काही जाते, पण ओमेगा-३ व कॅरोटीन पाण्यात विरघळत नसल्याने पानातच राहतात. हे पाणी आमटीत घालू नये. पाला खारवट जमिनीतील असेल, तर ते रोपांच्या मुळाशीही ओतू नये.

२. तेल : कॅरोटीन तेलात उतरते आणि तेलाबरोबरच अंगी लागते. म्हणून चमचाभर तेलाची लसणीची फोडणी हवी.

३. ताक : ताका-दह्यातील कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवते व ते शौचावाटे निघून जाते. ताकातली घोळीची भाजी ही आपल्या आजीबाईंची रीत शास्त्राला धरूनच आहे.

धापा व मोरस यांत मीठ फार असते. ती दोन पाण्यांत उकळावीत आणि भाजीत वरून मीठ घालू नये.

हे कटाक्षाने पाळा

– घोळीचा देठ मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. तो पाला फेकून द्यावा.

– सांडपाणी, कारखाना, रहदारीचा रस्ता व औषध फवारलेले शेत यांजवळचा पाला खुडू नये. या वनस्पती मातीतील जड धातूही शोषून घेतात.

– कच्च्या घोळीचा रस पेलाभर पिण्याच्या नादी लागू नये. रसात ऑक्झलेट सगळेच उतरते. हिरव्या रसांतील अति ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

– मूतखडा, मूत्रपिंडाचा विकार अथवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पाला खाऊ नये.

– घरी स्पिरिटात अर्क काढू नये. जळाऊ स्पिरिटात मिथेनॉल असू शकते. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. मीठ प्रमाणात असले तरच अन्नाला चव येते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. खारवट बांधावरच्या या पाल्याचेही तसेच आहे. उपवासकाळात एखाद्या शुक्रवारी ताकातली घोळ रांधावी. खर्च थोडा, पोषण चांगले, आणि पडीक वाटणाऱ्या तुकड्यानेही घरासाठी काही दिल्याचे समाधान.