न झोपणारी वेल

फेब्रुवारीच्या मध्यावर बोर्दोच्या द्राक्षबागेत उभं राहिलं तर सगळ्या वेली वाळून गेल्यासारख्या दिसतात. एक पान नाही. जाड कपड्यांत गुरफटलेली माणसं ओळीओळीनं काड्या छाटत असतात. त्याच आठवड्यात नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, शिराझचे काळेभोर घड तोडून क्रेटमध्ये भरले जात असतात. दोन्ही ठिकाणं उत्तर गोलार्धातली. वेलीची प्रजातीही एकच, व्हिटिस व्हिनिफेरा. पण तोडणीचा महिना पाहिला तर नाशिक फ्रान्सच्या पंगतीला बसतच नाही. ते बसतं चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या पंगतीला. विषुववृत्त न ओलांडता अख्खा जिल्हा दक्षिण गोलार्धाच्या वेळापत्रकावर गेला, आणि हे काम केलं एका कात्रीनं.

थंड मुलखातली वेल दिवस लहान होऊ लागले की पानं गाळते आणि झोपी जाते. तिचे डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, बंद होतात. पुढे शेकडो तासांची थंडी अंगावरून गेल्याशिवाय ते नीट उघडत नाहीत. नाशिकला थंडी पडते, निफाडचा पारा पाच-सहा अंशांखाली गेल्याची बातमी दरवर्षी येते, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. एवढ्या थंडीत द्राक्षवेलीला झोप लागत नाही. तिला तसंच मोकळं सोडलं तर ती वर्षभर हिरवी राहते, शेंड्याकडे धावत सुटते, खालचे डोळे दबून राहतात आणि फळ लागलं तर कुठेतरी, कधीतरी लागतं. म्हणून इथे हिवाळ्याचं काम माणूस करतो, आणि वर्षातून दोनदा करतो.

पहिली ती एप्रिलची खरड छाटणी. तोडणी झालेल्या वेलीच्या सगळ्या काड्या ओलांड्यापाशी, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपाशी, कापून टाकतात. भर उन्हाळ्यात बाग भुंडी दिसते. आठ-पंधरा दिवसांत फुटवे येतात, आणि मग मे-जूनमध्ये डोळ्यांच्या आत जे घडतं ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. नव्या काडीवरच्या प्रत्येक डोळ्यात सूक्ष्म कोंब तयार होत असतो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: घड व्हायचं, की बाळी व्हायचं. बाळी म्हणजे वेलीचा तो स्प्रिंगसारखा हात, ज्यानं ती तारेला धरते. वनस्पतीच्या दृष्टीनं घड आणि बाळी ही सख्खी भावंडं आहेत, एकाच अवयवाची दोन रूपं. भरपूर ऊन मिळालं, पाणी बेतानं दिलं, काडीचा जोर आवरला, तर घड. ढग दाटले, पाणी-नत्र जास्त झालं, पानांची सावली पडली, तर बाळी. बागायतदार हताशपणे म्हणतात, ‘घड जिरले.’ पुढच्या फेब्रुवारीत टाकीत किती रस येणार याचा बराचसा निकाल असा मे महिन्यात, कुणालाही न कळता लागलेला असतो.

पावसाळ्यात वेलीवर फळ नसतं, आणि हीच या पद्धतीची खरी हुशारी. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत घड असते तर कुजून गेले असते. त्याऐवजी काड्या हिरव्याच्या तपकिरी होतात, पक्व होतात, अन्न साठवतात. बागायतदाराची लढाई असते ती केवडा, भुरी, करपा या बुरशीच्या रोगांशी. या लढाईतलं एक जुनं हत्यार म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. त्याच्या नावातच बोर्दो आहे, आणि त्याची कथाही तिथलीच. तिथल्या मेडॉक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर, कडवट मिश्रण शिंपडायचे ते वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या याच वेलींवर केवडा नाही. १८८५ साली त्यांनी ते औषध म्हणून प्रसिद्ध केलं. चोरांसाठी काढलेला उपाय आज पिंपळगाव बसवंतच्या बागेत बुरशीवर चालतो.

मग ऑक्टोबर. पाऊस परतीला लागतो आणि दुसरी, गोडीची छाटणी होते. आधी पानं उतरवतात, नंतर काडी पक्व डोळ्यावर कापतात. आता वेलीला वाटायला हवं की हिवाळा होऊन गेला. शेंडा कापल्यानं दबलेले डोळे मोकळे होतात, पण सगळे एकदम फुटायला हवेत, नाहीतर घड मागेपुढे पिकतात. म्हणून डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, बोलीभाषेत ‘पेस्टिंग’. त्यानं डोळ्याच्या पेशींचा श्वास क्षणभर अडखळतो, आणि तो धक्का थंडीचं काम करून जातो. हातमोजे घालून करायचं हे काम आहे, कारण द्रव्य विषारी आहे. शिवाय त्याचा एक विलक्षण गुण आहे: ते शरीरात गेलं आणि वर दारू पोटात गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. दारू सोडवण्याच्या औषधांत सायनामाइडचा वापर झालेला आहे. वाईनच्या वेलीला जागं करणारं रसायन माणसाला वाईन पिऊ देत नाही! निसर्गाला विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी या रेणूकडे एकदा पाहावं.

पेस्टिंगनंतर दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, महिना-सव्वा महिन्यात फुलोरा येतो. द्राक्षाचं फूल इतकं बारीक की बऱ्याच जणांना ते फूल वाटतच नाही. पाकळ्या उमलत नाहीत; टोपीसारख्या खालून सुटून गळून पडतात. याच सुमारास अवकाळी पाऊस आला तर गळकूज, म्हणजे घड गळतात आणि कुजतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो रेंगाळला आणि बागा गेल्या. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड भागात गारा पडल्या. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार भाव मिळावा म्हणून लवकर छाटणीचा जुगार खेळतो. वाईनवाल्याचा जुगार वेगळा आहे, आणि मला तो जास्त रंजक वाटतो.

युरोपात द्राक्ष पिकतं ते थंडावत जाणाऱ्या शरदात. नाशिकला मण्यात पाणी उतरतं डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, पण पूर्ण पिकेपर्यंत ऊन रोज चढत जातं. म्हणजे इथलं पिकणं उलट्या दिशेनं होतं: थंडीतून उन्हाकडे. मण्यात दोन गोष्टी चाललेल्या असतात. पानांतून साखर येत राहते, आणि मॅलिक आम्ल, ज्यानं कच्चं सफरचंद आंबट लागतं तेच, मण्याच्या श्वसनात जळत राहतं. रात्र थंड असेल तर हे जळणं मंदावतं आणि काळ्या द्राक्षाच्या सालीत रंगही छान धरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. थंड रात्रीची ही देणगी पठाराची. पण मार्चच्या उन्हाचा पहिला झटका आला की साखर धावते आणि आंबटपणा उडून जातो. अशा द्राक्षाची वाईन कडक होते, पण जिभेवर सपक. म्हणून जानेवारीपासून रोज मणी चिरडून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहायचं, आम्ल मोजायचं, बी चावून पाहायचं. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां आधी, कॅबरने मागाहून. तोडणी पहाटे, काही बागांत रात्री डोक्याला दिवे बांधून, कारण दुपारचं तापलेलं द्राक्ष टाकीत जाण्याआधीच बिघडायला लागतं.

या घाईत छोट्या वाईनरीला एक चैन परवडते. प्लॉट इवलासा असला की चार ओळी आज आणि पुढच्या चार परवा तोडता येतात. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या जलाशयाकाठी व्हॅलोने ही अशी छोटी वाईनरी आहे. तिथे शेनिन ब्लांचे घड सुकवत ठेवून, पाणी उडून साखर दाट झाल्यावर त्यांची गोड वाईनही केलेली आहे. तासगावचा बेदाणा ज्या वाटेनं जातो त्याच वाटेवर अर्ध्यात थांबायचं, एवढंच. पण घडाघडाकडे लक्ष द्यावं लागतं, ते मोठ्या कारखान्याला जड जातं. मोठ्यांचंही ऋण आहेच. नारायणगावच्या शॅम्पेन इंडियानं १९८०च्या दशकात फेसाळ वाईन परदेशी पाठवली, राजीव सामंतांच्या सुलानं १९९७ साली नाशिकला वेली लावून २०००मध्ये पहिली वाईन काढली, २००१मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि विंचूर व पलूसला वाईन पार्क झाले. छोट्यांना रस्ता मिळाला तो यानंतर.

आता टाकीपाशी येऊ. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्ष दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात. तांबडीसाठी साल-बीसकट आंबवतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो, रंग सगळा सालीत, म्हणून काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन होऊ शकते. आंबवणारं यीस्ट, सॅक्रोमायसिस, बागेतल्या धड मण्यावर फार क्वचित सापडतं. मग हजारो वर्षं ते आलं कुठून? २०१२ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की ते गांधीलमाशीच्या आतड्यात हिवाळा काढतं, आणि राणीमाशी अळ्यांना भरवताना ते पुढच्या पिढीला देते. आज बहुतेक वाईनऱ्या निवडक यीस्ट पाकिटातून घालतात, पण मूळ विरजण माशीचं.

डोशाचं पीठ रात्रीत फुगून पातेल्याबाहेर येतं, तसाच जीव टाकीतल्या रसात असतो. फक्त इथे माप मोठं. लिटरभर रसातली साखर आंबताना ५० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून टाक्यांच्या खोलीत हवा खेळती नसेल तर जिवावर बेतू शकतं. तांबड्या वाईनमध्ये हा वायू सगळ्या साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर होतो, आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. पर्यटकांना टबात द्राक्षं तुडवायला देतात ती गंमत म्हणून ठीक. खरी मेहनत या थराशी आहे. आंबण्याच्या उष्णतेनं रस तापतो, म्हणून स्टीलच्या टाकीला थंड पाण्याचं अस्तर. पांढरी वाईन साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवली तरच तिचा वास टिकतो. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क करतं, आणि त्यानं त्याचे शत्रूही मरतात. तो चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास गेला की बहुधा यीस्टच त्यात संपतं.

छाटणी-तोडणीचं हे पंचांग जागेवर किती अवलंबून आहे ते पाहायला दक्षिणेकडे जाऊ. तमिळनाडूतलं, कावेरीकाठचं कुंभकोणम आणि गोदाकाठचं नाशिक ही तशी गुरुबंधू गावं: गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ मेळा आणि कुंभकोणमला महामहम उत्सव. पण गुरूला दोन्ही सारखी असली तरी पावसाला नाहीत. कुंभकोणमला मुख्य पाऊस येतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. नाशिकची वेल ज्या महिन्यांत फुलते आणि मणी धरते नेमक्या त्यात. वर त्रिभुज प्रदेशाची चिकण माती आणि उबदार रात्री. त्या मातीत भात आणि विड्याची पानं सुखानं वाढतात, वाईनचं द्राक्ष नाही. मात्र त्याच तमिळनाडूत, पश्चिम घाटाच्या कुशीतल्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षाच्या बागा आहेत. २०२३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे विषुववृत्त इतकं जवळ की वेलीला ऋतू जवळजवळ उरलेलाच नाही. कात्री ज्या महिन्यात चालेल त्यानुसार तिचं वर्ष सुरू होतं. एका बागेत फुलोरा, शेजारी कच्चे घड, पलीकडे तोडणी, आणि हे वर्षभर चालू.

या जागरणाची किंमत वेल मोजते. स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावात एका घराच्या भिंतीवरची वेल चारशेहून अधिक वर्षं जगली आहे आणि अजून फळ देते. आपल्याकडच्या बागा साधारण पंधरा-वीस वर्षांत थकतात आणि मोडून नव्या लावल्या जातात. नवी बागही एका वेलीची नसते. जमिनीखाली असतो डॉगरिज, टेक्सासमधल्या रानटी द्राक्षातून निवडलेला खुंट, जो खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो. जमिनीवर असते फ्रेंच जात. उन्हाळ्याआधी खुंट लावायचे, पावसाळाभर वाढू द्यायचे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, हवेत ओल असताना आणि रस चढता असताना, पाचर मारून कलम भरायचं. कलम बांधणाऱ्यांच्या टोळ्या तेव्हा गावोगाव फिरतात. त्या दोन महिन्यांत हवा कोरडी गेली तर कलमं मरतात, आणि बाग पुढच्या वर्षावर जाते.