‘मायनिंग मशीन’ घेण्याआधी घरचं लाइट बिल बाहेर काढा

बिटकॉइनचा भाव वर गेला की जुन्या मशीनच्या जाहिराती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. ‘सहा कार्डांचा रिग, चालू स्थितीत, महिन्याला घरबसल्या कमाई.’ मशीन इंदूरचं, घेणारा बेळगावचा, मध्ये कुरिअर आणि ॲडव्हान्स. रिग घ्यावा की नाही, हे ठरवायला कॉम्प्युटर इंजिनिअर असावं लागत नाही. मशीन कुठलं गणित सोडवतं, किती युनिट खातं आणि मिळालेलं नाणं नेमकं कुठे जातं, एवढं कळलं तरी पुरतं.

आधी गणित. बिटकॉइनमध्ये साधारण दर 10 मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, वहीत चढतो. तो चढवण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरातली मशीन एकच उद्योग करतात. गठ्ठ्यातल्या माहितीला एक आकडा जोडायचा, सगळं मिळून एसएचए-256 नावाच्या सूत्रातून दोनदा काढायचं आणि उत्तर ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आलं का ते बघायचं. नाही आलं? आकडा बदला, पुन्हा करा. सूत्राचा स्वभाव असा की आत एक अक्षर बदललं तरी बाहेरचं उत्तर पूर्ण बदलतं. त्यामुळे हुशारीला वाव नाही, नुसतं भराभर चाचपडत राहायचं. मशीन वाढली आणि ब्लॉक लवकर सापडू लागले, तर दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच गणित अवघड करतं. जगात कुणी हजार नवी मशीन लावली की तुमच्या वाट्याचं उत्पन्न इथे आपोआप घटतं. जाहिरातीतला ‘महिन्याला इतके’ हा आकडा म्हणूनच कधी पक्का नसतो.

जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइन सुरू झालं तेव्हा हे काम साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर व्हायचं. 2010 मध्ये ग्राफिक्स कार्डं आली. 2013 पासून एसिक आली, म्हणजे फक्त हेच एक सूत्र चालवण्यासाठी घडवलेल्या चिप. त्या दिवसापासून बिटकॉइनपुरती बाकीची सगळी मशीन भंगार झाली. लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर बिटकॉइन काढून देतो म्हणणारं ॲप जाहिराती दाखवून स्वतः कमावत असतं. मोबाइलमध्येच मायनिंग करणारी ॲप्स तर गुगल आणि ॲपल या दोघांनीही 2018 मध्येच आपल्या दुकानांत बंद केली.

मग विकायला आलेले ग्राफिक्स कार्डांचे रिग कशासाठी होते? बहुतेक इथेरियमसाठी. इथेरियमचं इथॅश हे सूत्र मुद्दाम मेमरी खाणारं होतं, म्हणून तिथे एसिकपेक्षा कार्डं चालायची. त्यातली माहितीची फाइल हळूहळू वाढत गेली आणि 2020 च्या अखेरीस 4 जीबीची कार्डं बाद झाली. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि एका रात्रीत जगभरातली लाखो कार्डं बेकार झाली. बाजारातला ‘स्वस्त रिग’ बऱ्याचदा याच मालातला असतो. त्यावर इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशी नाणी अजून काढता येतात, पण तिथे इतकी गर्दी झाली की बहुतेकांच्या हाती विजेचे पैसेही पडत नाहीत. लाइटकॉइन आणि डोजकॉइन स्क्रिप्ट नावाच्या सूत्रावर चालतात. तिथेही 2014 पासून एसिकचंच राज्य आहे. साध्या प्रोसेसरवर आजही मान राखून चालतं ते मोनेरो. त्याने नोव्हेंबर 2019 मध्ये रँडमएक्स हे सूत्र घेतलं, ते मुद्दाम प्रोसेसरला सोयीचं ठेवलेलं आहे. कमाई मात्र चहापाण्यापुरती.

मोनेरोच्या या सोयीला दुसरी बाजूही आहे. फुकटात उतरवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर मोनेरो काढणारा प्रोग्राम गुपचूप आत येऊन बसतो. दुकानातला कॉम्प्युटर काही उघडलेलं नसताना तापत असेल, पंखा भणभणत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच अचानक शांत होत असेल, तर तुमच्या विजेवर दुसराच कुणीतरी नाणी काढतोय, असा संशय जरूर घ्या.

विजेचा हिशोब

आता एसिकचा हिशोब मांडू. अँटमायनर एस21 हे नावाजलेलं मशीन सेकंदाला 200 टेराहॅश करतं आणि सुमारे 3500 वॅट खातं. दिवसाला 84 युनिट, महिन्याला 2520 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर 20,160 रुपये वीज.

उत्पन्न बघा. जगाची एकूण ताकद 1000 एक्साहॅश धरली तर या मशीनचा वाटा 50 लाखांत एक. एप्रिल 2024 पासून एका ब्लॉकला 3.125 बिटकॉइन मिळतात, म्हणजे जगभर मिळून दिवसाला 450. आपल्या वाट्याला रोज 0.00009, महिन्याला 0.0027. बिटकॉइन 75 लाखांना धरलं तर 20,250 रुपये. वीज वजा जाता हातात 90 रुपये, आणि त्यातून पूलची एक-दोन टक्के फी अजून द्यायची आहे. भाव आणि एकूण ताकद रोज बदलतात, तेव्हा त्या दिवशीचे आकडे घालून हाच हिशोब स्वतः करा. पण डोंगर पोखरून काय निघतं, त्याचा अंदाज येतो.

एकट्याने मायनिंग केलं तर? 50 लाखांत एक वाटा म्हणजे सरासरी 50 लाख ब्लॉकमागे एक आपला. दहा-दहा मिनिटांनी मोजले तर 95 वर्षं. म्हणून लोक पूलमध्ये सामील होतात. लॉटरी एकत्र काढायची आणि बक्षीस कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं.

युनिटचा दर हाच इथे कळीचा मुद्दा आहे. हेस्कॉम, महावितरण, गोव्याचं वीज खातं, इंदूर-वडोदऱ्याच्या वीज कंपन्या, सगळ्यांचे दर वेगळे. बिलावरचा पहिल्या टप्प्याचा दर बघून फसू नका. अडीच हजार युनिटचा वापर झाला की तुम्ही शेवटच्या टप्प्यात जाता, त्यावर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि कर. एकूण बिलाला एकूण युनिटने भागा, तो आपला खरा दर. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर दंडाची भीती वेगळीच. मंजूर भार 3 किलोवॅटचा असेल तर हे एकच मशीन तो ओलांडतं.

शिवाय कर आहे. भारतात मायनिंगवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. पण 1 एप्रिल 2022 पासून नाणं विकून होणाऱ्या नफ्यावर 30 टक्के कर आणि वर उपकर लागतो. यात खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, असं केंद्राने मार्च 2022 मध्येच लोकसभेत सांगितलं. म्हणजे वरच्या 20,250 मधून विजेचं बिल वजा न करता कर भरायची वेळ आली, तर 31.2 टक्क्यांनी 6,318 रुपये. तोटा पुढच्या नफ्यातही वळता होत नाही. नेमकी मांडणी सीएकडून करून घ्या, पण मशीन घेण्याआधी.

मशीन घरात आल्यावर

एसिकचा आवाज मिक्सरसारखा असतो आणि तो दिवसरात्र चालतो. साडेतीन किलोवॅट वीज शेवटी उष्णताच होते, खोलीत दोन-तीन रूम हीटर लावल्यासारखी. एप्रिल-मेमध्ये हैदराबादला किंवा ग्वाल्हेरला हे काय होईल, ते सांगायला नको. गोवा-कोकणात वेगळं दुखणं: दमट खारी हवा हॅशबोर्डावर गंज आणते. 15 अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर हे मशीन लावू नका. स्वतंत्र वायर, एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. ग्राफिक्स रिगमध्ये कार्डाच्या रायझरला साटा कनेक्टरमधून वीज दिलेली दिसली तर तो रिग तिथेच सोडा. हा कनेक्टर सुमारे 54 वॅटसाठी बनलेला असतो, जास्त ओढलं की वितळतो आणि आग लागते.

जुनं मशीन घेताना मालकासमोर तासभर चालवून बघा. स्क्रीनवर तिन्ही हॅशबोर्ड दिसतात का, चिपची संख्या पूर्ण आहे का? एक बोर्ड गायब असेल तर ताकद एक तृतीयांशाने कमी. पूलने नाकारलेल्या कामाचा टक्का जास्त असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा किंवा लांबच्या सर्व्हरचा असतो, जवळचा सर्व्हर निवडा. मशीनवर हॅशरेट पूर्ण आणि पूलवर कमी दिसत असेल तर चोवीस तासांची सरासरी बघा, तासाभराचा आकडा वरखाली होतोच.

पैसे ‘दिसत नाहीत’ तेव्हा

सगळ्यात जास्त घबराट इथे होते, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही. मुळात वॉलेटमध्ये नाणी नसतातच. नाणी कुणाच्या नावावर आहेत ते त्या सार्वजनिक वहीत लिहिलेलं असतं. वॉलेटमध्ये असतात फक्त किल्ल्या. फोन फुटला तरी किल्ली असेल तर पैसे आहेत. किल्ली गेली तर फोन चकचकीत असून उपयोग नाही.

मायनिंगचे पैसे आले नाहीत तर आधी पूलवर बघा. किमान रक्कम साठेपर्यंत पूल पैसे पाठवत नाही, ते तिथेच जमा असतात. स्वतःच ब्लॉक काढला असेल तर 100 ब्लॉक पुढे जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 17 तास, ते बिटकॉइन खर्च करता येत नाही. मोनेरोमध्ये ही मुदत 60 ब्लॉकची.

पाठवलेला व्यवहार अडकला असेल तर तो हरवलेला नाही, कमी फीमुळे रांगेत मागे आहे. व्यवहार क्रमांक एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर टाकून बघा. वॉलेटमध्ये फी वाढवायची सोय असेल तर वाढवा. नसेल तर थांबा, बरेचसे नोड असे व्यवहार दोन आठवड्यांनी रांगेतून काढून टाकतात आणि रक्कम पुन्हा तुमच्या हाती येते. मात्र एकदा वहीत चढलेला व्यवहार कुणीही उलटवू शकत नाही.

बारा शब्द टाकून वॉलेट परत उघडलं आणि शिल्लक शून्य, हा प्रकार फार वेळा घडतो. आधी पत्त्याची सुरुवात आठवा. जुना पत्ता 1 ने, 3 ने की ‘बीसी1’ ने सुरू होत होता? एकाच शब्दांतून हे तिन्ही प्रकार वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि नवं वॉलेट त्यातली एकच वाट तपासत असू शकतं. सेटिंगमध्ये वाट बदलली की पैसे दिसतात. इलेक्ट्रममध्ये बनवलेले शब्द दुसऱ्या बहुतेक वॉलेटमध्ये चालत नाहीत, आणि दुसरीकडचे शब्द इलेक्ट्रममध्ये टाकताना पर्यायांत तसं सांगावं लागतं. शब्दांबरोबर एखादा जादा पासफ्रेज ठेवला होता का, तेही आठवा. तो चुकला तर वॉलेट तक्रार करत नाही, मुकाट्याने रिकामं खातं उघडतं. ‘शब्द चुकीचे’ असा संदेश आला तर बहुधा अक्षर वाचण्यात घोळ आहे. इंग्रजी यादीत फक्त 2048 शब्द आहेत आणि कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे पुसट शब्द यादीतून शोधून काढता येतो. मोनेरोत शून्य दिसलं तर वही पूर्ण उतरली का आणि सुरुवातीचा ब्लॉक फार पुढचा टाकला नाही ना, ते बघा.

यूएसडीटी पाठवताना ‘शिल्लक आहे पण जात नाही’ असं झालं, तर त्या जाळ्याचं नाणं फीसाठी नाही, एवढाच अर्थ. ट्रॉनवर ट्रॉनचं, इथेरियमवर इथरचं थोडं नाणं लागतं.

या सगळ्या दुरुस्तीत एका गोष्टीची गरज कधीच पडत नाही: शब्द दुसऱ्याला सांगण्याची. टेलिग्रामवर ‘सपोर्ट’ म्हणून येणारा माणूस शब्द मागतो, किंवा वॉलेट ‘व्हॅलिडेट’ करायला लिंक देतो. ती लिंक भरली की पाच मिनिटांत खातं साफ.

मशीनच नको, आमच्या मशीनमध्ये हिस्सा घ्या, असं सांगणाऱ्यांबद्दल पुण्याची आठवण ताजी ठेवा. गेनबिटकॉइन योजनेत बिटकॉइन भरा आणि 18 महिने दरमहा 10 टक्के घ्या, असं आश्वासन होतं, कारण काय तर क्लाउड मायनिंग. नंतर परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच एमकॅप नावाच्या टोकनमध्ये मिळू लागला. सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल 2018 मध्ये अटक केली, जानेवारी 2022 मध्ये तो वारला. तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाही पुढे त्याच प्रकरणातली नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. वरचा 90 रुपयांचा हिशोब समोर ठेवा आणि मग महिन्याला 10 टक्के कुठून येतील ते सांगा.

काढलेली नाणी विकतानाही जपून. अनोळखी माणसाला थेट विकून त्याचे पैसे यूपीआयने घेतले, आणि ते पैसे कुणाला तरी फसवून आलेले असले, तर दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून तुमचं खातं गोठतं. मग बेळगावच्या माणसाला हैदराबादच्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. विक्री वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच करा आणि कापलेल्या 1 टक्का टीडीएसची नोंद जपून ठेवा. फसवणूक झालीच तर 1930 हा क्रमांक सगळ्या राज्यांत एकच आहे, लगेच फिरवा. बँकेचा यूटीआर क्रमांक, व्यवहार क्रमांक, समोरच्याचा वॉलेट पत्ता आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच फोन करा. आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, कारण ग्रुप चालवणाऱ्याने मेसेज पुसले की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.